युनिटेरियन मंडळाचं नवं वर्ष सुरू होतंय, कोण कोण येणार?

पारिजातक

हा धागा मुख्यतः मध्य मॅसॅच्युसेट्समधल्या मराठी मंडळींसाठी आहे, पण बाकीच्यांनीही जरूर वाचा आणि लिहा. आम्ही ज्या युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट (ख्रिस्ती मुळातून आलेल्या एका उदार धर्मपंथाच्या) मंडळाचे सभासद आहोत, त्याचं नवं वर्ष सप्टेंबरातल्या लेबर डेनंतरच्या रविवारी सुरू होतं. ‘रविवारी सकाळी तुमचा फोन बंद का असतो’ असं ओळखीतले बरेच जण विचारतात. त्यांनाही एकदाच सविस्तर सांगून टाकते.

एक गोष्ट आधी. इथे कुणी काय मानायचं याची सक्ती नाही. माझ्या शेजारी बसणाऱ्या बाई येशूवर मनापासून प्रेम करतात, त्यांच्या पलीकडचे आजोबा पक्के नास्तिक आहेत, मागच्या रांगेत रोज ध्यानाला बसणारं एक बौद्ध जोडपं असतं, आणि आम्ही घरी गणपती बसवणारे. एवढी वेगवेगळी माणसं वर्षानुवर्षं एका छपराखाली कशी टिकतात? माझ्या मते ती टिकतात एकमेकांसाठी करायच्या कामांमुळे. म्हणून तत्त्वज्ञान सांगत बसण्यापेक्षा वर्षभरात काय काय घडतं तेच सांगते.

पहिल्या रविवारी वॉटर कम्युनियन. उन्हाळ्यात जो जिथे गेला असेल तिथलं थोडं पाणी आणतो आणि समोरच्या मोठ्या काचेच्या भांड्यात ओततो. ओतताना पाणी कुठलं ते एका वाक्यात सांगायचं. ही प्रथा फार जुनी नाही. १९८० च्या नोव्हेंबरात मिशिगनमधल्या ईस्ट लान्सिंगला युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट स्त्रियांचं एक संमेलन भरलं होतं. त्यासाठी कॅरोलिन मॅक्डेड आणि लुसिल शुक लाँगव्ह्यू यांनी हा विधी रचला, आणि तिथून तो सगळीकडे पसरला. पुढे काही ठिकाणी त्याला ‘आम्ही कुठे कुठे फिरून आलो’ असं वळण लागलं, आणि ज्यांना सुट्टी परवडत नाही ती माणसं मागे बसून राहू लागली. म्हणून आमच्याकडे आता आवर्जून सांगतात की स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी आणा, विहिरीचं आणा, पावसाचं आणा. गेल्या वर्षी एका बाईंनी नवऱ्याच्या केमोच्या वेळी दवाखान्यातल्या कूलरमधून भरलेली बाटली आणली होती. मी वाईहून कृष्णेचं पाणी आणलं होतं, पण त्या दिवशी सगळ्यांच्या लक्षात राहिलं ते त्यांचं पाणी. नंतर हे पाणी उकळून, गाळून जपून ठेवतात आणि वर्षभरात जन्मलेल्या बाळांच्या स्वागताच्या विधीत तेच वापरतात.

इतर रविवारी साधारण तासाभराचा कार्यक्रम असतो. सुरुवातीला चॅलिस, म्हणजे एका पसरट पेल्यातली ज्योत, पेटवतात. मग गाणी. राखाडी बांधणीच्या गीतपुस्तकात टागोरांच्या रचनाही आहेत, त्या लागल्या की मला फार बरं वाटतं. त्यानंतर प्रवचन. पण माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची वेळ असते ‘जॉइज अँड सॉरोज’ची. ज्याला काही सांगायचं असेल त्याने पुढे यायचं, एक मेणबत्ती लावायची आणि सांगायचं. नात झाली, नोकरी गेली, उद्या ऑपरेशन आहे. काहीजण न बोलता मेणबत्ती लावून परत जातात. त्यावर कुणी सल्ला देत नाही, टाळ्या वाजवत नाही.

माझे वडील गेले तेव्हा मला भारतात वेळेत पोचता आलं नाही. त्या रविवारी मी पुढे जाऊन ‘माझे वडील गेले’ एवढंच बोलू शकले. संध्याकाळी केअरिंग कमिटीच्या एका बाईंचा फोन आला. तुमच्याकडे या दिवसांत काय खात नाहीत, असं त्यांनी विचारलं. पुढचे दहा-बारा दिवस दारात डबे येत होते, साधा भात आणि साधं वरण. ते त्या माणसांनी आधी कधी शिजवलेलं नव्हतं. तेव्हापासून मीही त्या कमिटीत आहे. कुणाला दवाखान्यात सोडायचं, कुणाच्या घरापुढचा बर्फ काढायचा, कुणाकडे नुसतं तासभर बसायचं, अशी कामं आम्ही वाटून घेतो.

ऑक्टोबरात आवारातली पानं झाडायचा शनिवार असतो आणि थंडीचे कोट गोळा करणं सुरू होतं. नोव्हेंबरात सेवांचा लिलाव. तो नक्की बघायला या. वस्तूंपेक्षा इथे माणसांच्या वेळेवर बोली लागते. निवृत्त सुतारकाका एका दिवसाची दुरुस्ती ठेवतात, कुणी मेनमधल्या तळ्याकाठच्या केबिनमधले दोन दिवस ठेवतं, आणि मिनिस्टरबाई (आमच्या मंडळाच्या धर्मगुरू) एक प्रवचन ठेवतात. जो सर्वात मोठी बोली लावेल त्याने विषय द्यायचा आणि त्यांनी त्यावर बोलायचं! मी आठ जणांचं पुरणपोळीचं जेवण ठेवते. त्या निमित्ताने जी माणसं घरी आली ती आता दिवाळीलाही येतात.

थँक्सगिव्हिंगच्या सुमारास प्रत्येक घरातून आपल्याकडची भाकरी किंवा पाव आणायचा रविवार असतो. आम्ही ज्वारीची भाकरी नेतो. त्याच सुमारास ‘गेस्ट ॲट युवर टेबल’चे पुठ्ठ्याचे डबे घरोघरी जातात. जेवणाच्या टेबलावर तो डबा ठेवायचा, न आलेल्या पाहुण्याच्या नावाने त्यात रोज काहीतरी टाकायचं, आणि ते पैसे युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट सर्व्हिस कमिटीच्या मानवी हक्कांच्या कामाला जातात. मुलं हे फार मनावर घेतात. डिसेंबरात सर्वात लांब रात्रीची सभा आणि ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी मेणबत्त्यांच्या उजेडात गाणी. ‘इट केम अपॉन द मिडनाइट क्लिअर’ हे प्रसिद्ध गीत १८४९ मध्ये एडमंड सीअर्स या युनिटेरियन मिनिस्टरने लिहिलं, तेही आमच्याच राज्यातल्या वेलंडमध्ये असताना. म्हणून ते गाताना इथल्या लोकांना विशेष अभिमान वाटतो.

हिवाळा शांत जातो. छोट्या गटांच्या बैठका, सूपचं जेवण, पुस्तकं. वसंतात वर्गणीची मोहीम आणि अंदाजपत्रकाची वार्षिक सभा. जूनमध्ये फ्लॉवर कम्युनियन झालं की वर्ष संपतं, आणि उन्हाळ्यातल्या सभा सभासदच आळीपाळीने चालवतात.

सप्टेंबरच्या पहिल्या सभेला तुमच्यापैकी कुणी आलं तर मला मनापासून आनंद होईल. प्रश्न इथेच विचारा.

---

नास्तिक_पण_उत्सुक

छान लिहिलंय. पण थेट विचारतो. इमारतीवर मनोरा आहे, रविवारी सभा आहे, मिनिस्टर आहे. म्हणजे हे शेवटी चर्चच ना? आज पुरणपोळीचं कौतुक, उद्या हळूच बाप्तिस्मा, असं तर नाही?

पारिजातक

नाही. बाप्तिस्मा नाही, शपथ नाही, आधीचा धर्म सोडायची अट नाही. सभासद व्हायचं असेल तर एका वहीत सही करायची. मी सही केली त्या आठवड्यात घरी संकष्टीही केली, आणि त्यात कुणालाच काही खटकलं नाही.

मूळ मात्र ख्रिस्ती आहे, ते लपवायचं कारण नाही. देव एकच आहे, तीन रूपांत विभागलेला नाही, असं म्हणणारे हे लोक. त्यासाठी त्यांनी फार सोसलंय. मायकेल सर्व्हेटस या स्पॅनिश विचारवंताला १५५३ मध्ये जिनिव्हात जिवंत जाळलं. ट्रान्सिल्व्हानियात १५६८ मध्ये तोर्दाच्या सभेने उपदेशकाला आपल्या समजुतीप्रमाणे उपदेश करायची मोकळीक दिली. त्या काळच्या युरोपात ही केवढी मोठी गोष्ट होती! पण त्यामागचा फेरेन्स डेव्हिड पुढे देवाच्या किल्ल्यातल्या तुरुंगात १५७९ मध्ये मेला (देवा हे तिथल्या गावाचं नाव). अमेरिकेत युनिटेरियनांची संघटना १८२५ मध्ये झाली. युनिव्हर्सलिस्ट वेगळे होते, देव कुणालाच कायमचं नरकात टाकणार नाही असं मानणारे. १९६१ मध्ये दोघे एक झाले. आता देशभरात सुमारे हजार मंडळं आहेत आणि प्रत्येक मंडळ स्वतःचा कारभार स्वतः बघतं. मिनिस्टर कोण असावा हे वरून कुणी ठरवत नाही, सभासद मतदान करून बोलावतात.

२०२४ मध्ये सगळ्या मंडळांच्या प्रतिनिधींनी मिळून मूल्यांचं नवं निवेदन मंजूर केलं. त्यात मध्यभागी प्रेम आहे आणि भोवती न्याय, समता, बहुविधता, परस्परावलंबन, परिवर्तन, औदार्य. तुमच्या नास्तिकपणाला यातल्या कशानेच धक्का लागत नाही.

गिरगावकर

पारिजातक, तुमचा धागा वाचून राहवलं नाही. आपण मराठी माणसांनी हे लोक परके समजणं बरोबर नाही, कारण आपला आणि त्यांचा संबंध सव्वाशे वर्षांहून जुना आहे.

मी गिरगावात वाढलो. आमच्याकडे ‘प्रार्थना समाज’ हे नाव बहुतेकांना फक्त नाक्याचं म्हणून माहीत असतं. ३१ मार्च १८६७ ला मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला. आत्माराम पांडुरंग, पुढे न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, चंदावरकर ही माणसं त्यात होती. एकेश्वरी उपासना, मूर्ती नाही, जातीला थारा नाही, आणि उपासनेत तुकोबांचे अभंग. रविवारची उपासना, व्याख्यान, रात्रशाळा, पंढरपूरचा अनाथ बालकाश्रम. पारिजातकताईंनी जे वर्ष सांगितलं त्याच जातीचं हे सामाजिक जीवन होतं.

युनिटेरियनांशी नातं जोडलं गेलं ते जाबेझ संडरलँड या अमेरिकेतल्या युनिटेरियन मिनिस्टरांमुळे. ब्रिटिश युनिटेरियनांनी त्यांना १८९५-९६ मध्ये भारतात पाठवलं. पुण्यातल्या १८९५ च्या काँग्रेस अधिवेशनाला ते हजर होते. पुढे आयुष्यभर त्यांनी अमेरिकेत भारताच्या स्वातंत्र्याची बाजू मांडली. त्यांच्या त्या भारतभेटीनंतर एक योजना झाली, की ब्राह्म आणि प्रार्थना समाजातल्या होतकरू तरुणांना ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मशिक्षणासाठी शिष्यवृत्ती द्यायची. त्या शिष्यवृत्तीवर १९०१ मध्ये गेले आपले विठ्ठल रामजी शिंदे. जमखंडीचा मुलगा, फर्ग्युसनचा पदवीधर. सयाजीराव गायकवाडांनी प्रवासाला मदत केली. दोन वर्षं ते तिथे राहिले. धर्मांचा तुलनात्मक अभ्यास केला, पाली शिकले, आणि कॉलेजाबाहेर पडून शहरांतल्या गरीब वस्त्यांमध्ये युनिटेरियनांची कामं कशी चालतात ते पाहिलं. १९०३ च्या सप्टेंबरात ॲमस्टरडॅमला उदारधर्मीयांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिथे त्यांनी हिंदुस्थानातल्या उदार धर्मावर निबंध वाचला. परत आल्यावर ते मुंबई प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले आणि १८ ऑक्टोबर १९०६ ला त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं.

मिशन युनिटेरियनांमुळे झालं असं मी म्हणणार नाही. अस्पृश्यतेची चीड शिंदे इथूनच घेऊन गेले होते. पण उपासनेचं घर आणि सेवेचं घर एकच असू शकतं, याचा चालता नमुना त्यांनी तिथे पाहिला. आपल्याकडे ही गोष्ट शाळेत एका ओळीत उरकतात, त्याचं मला फार वाईट वाटतं.

पारिजातक

गिरगावकर, खूप आभार! शिंदे मँचेस्टर कॉलेजात होते एवढंच मला माहीत होतं. शिष्यवृत्तीमागे संडरलँड होते हे आत्ता कळलं. आमच्या एप्रिलमधल्या एका रविवारची जबाबदारी माझ्याकडे आहे. शिंद्यांचा जन्म २३ एप्रिलचा, १८७३ सालचा. त्या रविवारी त्यांच्यावर बोलायचं ठरवते, आणि एक अभंग म्हणायचाही विचार आहे. तुम्ही मदत कराल का? प्रार्थना समाजात कुठले अभंग नेहमी म्हटले जात, ते हवं आहे.

गिरगावकर

आनंदाने. माझ्या आजोबांच्या वेळची प्रार्थनासंगीताची प्रत आहे, त्यातली पानं पाठवतो.

दोन_मुलांची_आई

माझा प्रश्न मुलांचा. थोरली तेराची, धाकटा आठचा. शाळेतल्या मैत्रिणी आपापल्या चर्चच्या तरुण गटांत जातात आणि ही विचारते, ‘आपलं काय?’ देऊळ दीड तासावर. संस्कार म्हणून आम्ही जे देतो ते सणावारापुरतं. तुमच्याकडे मुलांना नक्की काय शिकवतात? आणि तिच्यावर कुणी काही लादणार नाही ना?

पारिजातक

आमच्या दोन्ही मुलांचं बालपण याच वर्गांत गेलं, म्हणून खात्रीने सांगते.

धाकट्यासाठी रविवारची शाळा. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं मुलं मोठ्यांबरोबर बसतात, एक गोष्ट ऐकतात, मग सगळे गाणं म्हणत त्यांना वर्गाकडे पाठवतात. एका वर्षी बायबलमधल्या कथा, एका वर्षी जगातले धर्म. त्या वर्षी वर्ग शेजारच्या गावातल्या मशिदीत, सिनेगॉगमध्ये आणि देवळात जातो. देवळात आमच्या लेकीने सगळ्यांना आरती समजावून सांगितली होती.

थोरलीसाठी मी विशेष आग्रह धरेन तो ‘कमिंग ऑफ एज’चा. त्या वयाची मुलं वर्षभर एका मोठ्या माणसाबरोबर भेटतात. हा मार्गदर्शक आईबाप सोडून दुसरा कुणीतरी सभासद असतो. देव, मरण, न्याय, आपण कशासाठी जगतो, यावर बोलतात. शेवटी प्रत्येक मूल आपण काय मानतो ते स्वतःच्या शब्दांत लिहितं आणि भर सभेत उभं राहून वाचतं. माझ्या मुलाने लिहिलं होतं की देव आहे की नाही हे त्याला माहीत नाही, पण आजीच्या हातची माळ बघितली की शांत वाटतं. तो मार्गदर्शक म्हणजे एक निवृत्त पोस्टमन. माझ्या मुलाच्या पदवीदानालाही ते आले होते.

लैंगिक शिक्षणाचा ‘अवर होल लाइव्ह्ज’ हाही अभ्यासक्रम आहे. तो युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट आणि युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट यांनी मिळून बनवलाय. बालवर्गापासून म्हाताऱ्यांपर्यंत प्रत्येक वयाला साजेसा वेगळा आहे. आईवडिलांची बैठक आधी होते, सगळं साहित्य दाखवतात, आणि तुमची परवानगी असेल तरच मूल वर्गात बसतं.

दोन_मुलांची_आई

या शेवटच्या भागाबद्दल नवरा जरा साशंक आहे. पण ती बैठक बघून ठरवता येईल असं म्हणतोय. पहिल्या रविवारी चौघेही येतो.

शिलाँगचा_पाऊस

मी महाराष्ट्रातलाच, नोकरीनिमित्त काही वर्षं मेघालयात होतो. भारतात हे लोक सगळ्यात जास्त कुठे असतील, तर खासी आणि जैंतिया डोंगरांत. आणि ते कुणा परदेशी मिशनऱ्याने स्थापलेले नाहीत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. हाजोम किसोर सिंह हा तरुण आधी वेल्श मिशनच्या प्रभावाखाली ख्रिस्ती झाला, पण नरकाची भीती घालणारा देव त्याला पटेना. कोलकात्यात तेव्हा चार्ल्स डॉल नावाचे अमेरिकन युनिटेरियन मिनिस्टर होते. त्यांच्याशी पत्रव्यवहार झाला, त्यांनी चॅनिंग या अमेरिकन युनिटेरियन मिनिस्टरचं लेखन पाठवलं, आणि आपल्यासारखा विचार करणारे जगात आहेत हे त्याला समजलं. १८ सप्टेंबर १८८७ ला जोवाईत पहिली उपासना झाली. आजही १८ सप्टेंबर हा त्यांचा मोठा दिवस. चर्च सजवतात आणि खासी भाषेतली स्तोत्रं गातात. त्यातली कितीतरी हाजोम किसोर सिंहांनीच रचलेली आहेत. ‘तो नांगरोई’ हे त्यांचं ब्रीद, पुढे चालत राहा असा अर्थ.

आणखी एक नाव मार्गारेट बार. इंग्लंडची ही युनिटेरियन बाई १९३० च्या दशकात आली, खारांगसारख्या आडगावात शाळा आणि दवाखान्याच्या कामात राहिली आणि १९७३ मध्ये तिथल्याच मातीत विसावली. मी खारांगला गेलो तेव्हा म्हातारी माणसं तिला ‘काँग बार’ म्हणत होती. काँग म्हणजे ताई.

पारिजातक, तुमचं नवं वर्ष आणि त्यांचा वर्धापनदिन एकाच महिन्यात येतो. तुमच्या मंडळाने त्यांना एक पत्र पाठवलं तर त्यांना फार आनंद होईल.

पारिजातक

पत्राची कल्पना मी या आठवड्यातच कमिटीपुढे ठेवते. आमची मिनिस्टर मुलांनाही त्यात घेईल.

ओहायोकर

इतकं गोड वाचल्यावर वेगळा सूर लावणं जिवावर येतं, पण लावतो. आम्ही आमच्या गावातल्या अशाच एका मंडळात काही वर्षं होतो आणि मग सोडलं. दर रविवारी राजकारण. बातम्यांत जे ऐकलं तेच पुन्हा प्रवचनात. ‘सगळ्यांचं स्वागत’ म्हणतात, पण ज्याचं मत करांबद्दल किंवा सीमेबद्दल वेगळं आहे त्याने कॉफी पिताना गप्प बसायचं. आम्हाला रविवारी मन शांत करायला जायचं होतं. ते मिळालं नाही.

पारिजातक

ओहायोकर, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. हा प्रश्न आमच्याकडेही आहे. सभासद बहुतेक एका राजकीय बाजूचे असतात, आणि सगळे आपल्याच मताचे आहेत असं गृहीत धरून बोलायची सवय लागते. आमच्याकडचे एक वयस्क सभासद दुसऱ्या पक्षाला मत देतात. वार्षिक सभेत त्यांनी उभं राहून हेच सांगितलं. त्यानंतर आम्ही दोन-दोन माणसांच्या ऐकण्याच्या बैठका सुरू केल्या. एकाने बोलायचं, दुसऱ्याने प्रत्युत्तर न देता ऐकायचं. त्याने सगळं सुटलेलं नाही, पण ते गृहस्थ अजून येतात आणि लिलावाचा हिशेब तेच ठेवतात.

प्रवचनातून राजकारण पूर्ण काढून टाकावं असं मात्र मला वाटत नाही, आणि त्याचं कारण इतिहासात आहे. १९३९ च्या फेब्रुवारीत वेलस्ली हिल्सचे मिनिस्टर वेटस्टिल शार्प आणि त्यांची बायको मार्था आपली दोन लहान मुलं मंडळातल्या लोकांकडे सोपवून प्रागला गेले. नाझींपासून जीव वाचवू पाहणाऱ्यांना बाहेर काढायला! ती मुलं सांभाळली ती पॉटलकला (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला) येणाऱ्या साध्यासुध्या माणसांनी. आमच्या ज्योतीचं चिन्हही त्याच कामातून आलं. १९४१ मध्ये हान्स डॉइच या निर्वासित ऑस्ट्रियन चित्रकाराने ते सर्व्हिस कमिटीच्या कागदपत्रांसाठी काढलं. कागदावर शिक्का असला की परक्या देशात तो माणूस विश्वासाचा वाटायचा.

आणि जूनच्या फ्लॉवर कम्युनियनबद्दल वर घाईत लिहिलं, ते इथे पुरं करते. नॉर्बर्ट चापेक हे प्रागचे युनिटेरियन मिनिस्टर. त्यांच्याकडे आलेले बरेच लोक जुन्या कॅथलिक विधींना कंटाळून आले होते, त्यांना भाकरी आणि द्राक्षारस नको होता. म्हणून जून १९२३ मध्ये त्यांनी नवा विधी केला. प्रत्येकाने एक फूल आणायचं, सगळी एकत्र ठेवायची, जाताना दुसऱ्याने आणलेलं घेऊन जायचं. बायको माया यांनी १९४० मध्ये तो केंब्रिजला, आमच्याच राज्यात आणला. चापेक यांना गेस्टापोने १९४१ मध्ये पकडलं आणि १९४२ मध्ये नाझींनी त्यांना ठार मारलं. म्हणून जूनमध्ये कुणी अनोळखी माणसाने आणलेलं फूल मी हातात घेते तेव्हा तो माझ्यासाठी नुसता सुंदर कार्यक्रम नसतो.

तरी तुमचा मुद्दा मला मान्य आहे. शांतताही हवी. आमच्याकडे बुधवारी संध्याकाळी अर्धा तास नुसतं शांत बसायची सभा आहे, प्रवचन नाही. तुमच्या जवळपास तसं काही आहे का बघा.

ओहायोकर

चापेकांचं माहीत नव्हतं. बुधवारच्या सभेसारखं काही इथे आहे का ते विचारतो. बायकोला जुन्या मैत्रिणींची आठवण येतेच.

उत्तरेचा_वारा

मी नॉर्थ डकोटात, जवळचं मंडळ कित्येक तासांवर. अशा माणसाने काय करायचं?

पारिजातक

‘चर्च ऑफ द लार्जर फेलोशिप’ शोधा. १९४४ पासून आहे. पूर्वी टपालाने चालायचं, आता ऑनलाइन. इमारत नाही, सभासद जगभर विखुरलेले. तुरुंगातल्या कैद्यांशी पत्रमैत्रीचं त्यांचं काम मोठं आहे. नुसतं ऐकायला नको, काहीतरी करायला हवं असेल तर तिथून सुरुवात करा.

वाटसरू

पैशांचं कुणी विचारलं नाही म्हणून मी विचारतो. इमारत, मिनिस्टरचा पगार, गरम पाणी, बर्फ काढणं. हे सगळं कोण भरतं?

पारिजातक

सभासदच. वरून पैसे येत नाहीत, उलट आम्हीच मध्यवर्ती संघटनेला वाटा देतो. मार्चमध्ये प्रत्येक घर पुढच्या वर्षी किती देणार ते लिहून देतं, त्याला प्लेज म्हणतात. त्यावरून अंदाजपत्रक बनतं आणि मे महिन्यातल्या सभेत ओळन् ओळ वाचून त्यावर मतदान होतं. आपल्या गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाच्या सभेत जशी तावातावाने चर्चा होते, अगदी तशीच. गेल्या वर्षी छप्पर की नवा पियानो, यावर दोन तास गेले. छप्पर जिंकलं.

कुणी किती दिलं हे जाहीर होत नाही. काहीच देऊ शकत नसलेली माणसंही सभासद आहेत आणि त्यांच्या मताची किंमत तेवढीच आहे. काळजी वाटते ती वेगळी. सभासदांचं सरासरी वय वाढतंय. पियानो वाजवणाऱ्या बाई ऐंशीच्या पुढच्या आहेत, इमारत गरम ठेवणारी तळघरातली भट्टी कशी चालवायची ते दोघांनाच माहीत आहे. आम्हाला देणग्यांपेक्षा हात हवे आहेत, विशेषतः तरुण घरांचे.

वाटसरू

भट्टीचं काम मला येतं. याच व्यवसायात आहे. पानं झाडायच्या शनिवारी येऊन बघतो.

सांगलीची_लेक

माझी आई सहा महिन्यांसाठी आली आहे. इंग्रजी फारसं येत नाही, दिवसभर घरात एकटी असते. तिला आणलं तर चालेल का? प्रवचन तिला कळणार नाही, पण माणसांत बसेल.

पारिजातक

चालेल काय, आणाच! मी तिच्या शेजारी बसेन आणि हळू आवाजात सांगत जाईन. पाणी घरच्या नळाचं आणलंत तरी चालेल, तिला ओतताना मराठीत बोलू दे, मी इंग्रजीत सांगते.

सगळ्यांसाठी: सभा साडेदहाला सुरू होते, सव्वादहापर्यंत या. पुढच्या दाराला पायऱ्या आहेत, मागच्या बाजूने उतार आणि लिफ्ट आहे. आईंना तिकडून आणा, गाडी लावायची जागाही तिकडेच. नंतर पॉटलक आहे, प्रत्येक पदार्थाजवळ त्यात काय काय आहे ते चिठ्ठीवर लिहायचं, कारण दोन मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. म्हणजे साबुदाण्याची खिचडी करणार असाल तर कूट घालू नका. पत्ता आणि माझा नंबर व्यनि केलेल्यांना पाठवते.

सांगलीची_लेक

व्यनि केला आहे. आई विचारते आहे, थालीपीठ आणलं तर चालेल का.

पारिजातक

चालेल. गरम करायला तवा स्वयंपाकघरात आहे, डावीकडच्या खालच्या कपाटात.